पुढच्या हिवाळ्याचे बूट

"ही गाडी माणसांसाठी केलीय की कोंबड्यांसाठी, कुणास ठाऊक," मागच्या सीटवरून साल्किनवहिनी पुटपुटली. "गुडघे हनुवटीला लागलेत माझे. आणि ही बघा, राणीसाहेब, पाय पसरून."

राणीसाहेब म्हणजे साडेचार वर्षांची उमाय. आपल्या खुर्चीच्या पट्ट्यांत अडकून ती बिस्किट चाटत होती. पुढे बसलेल्या मीरिमने आपली सीट दोन बोटं पुढे ओढली.

"आता?"

"आता हनुवटी सुटली. गुडघ्यांचं अल्ला बघेल."

गाडी चालवणारा तिलेक हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. मीरिमला वाटलं, निघतानाच या बाईने कुरकुर करायला हवी होती. तेवढंच घरातलं वारं हललं असतं. पण निघताना कुणीच काही बोललं नव्हतं. तिलेकने बॅगा डिकीत टाकल्या, मीरिमने मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर तीन दिवसांच्या नोरुझच्या सुट्टीला एका लहान मुलीच्या तीन बॅगा कशाला, असं विचारावं लागलं असतं.

साल्किन तिलेकची वहिनी. निदान गावात आणि सरकारी कागदांत तरी. खरं म्हणजे तिनेच त्याला जन्म दिला होता. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीतच. चाळिसावा दिवस उलटला तसं सासूने बाळ उचलून आपल्या खोलीत नेलं आणि ते तिचं शेंडेफळ म्हणून वाढलं. तिलेक आजीला आई म्हणाला, बापाला दादा आणि आईला वहिनी. हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेत भांडताना एका पोराने तोंडावर फेकल्यापासून तिलेकलाही. उच्चार मात्र कुणी करत नसे. त्यामुळे मीरिम आणि साल्किन नात्याने जावा आणि रक्ताने सून-सासू. हाक काय मारायची हा पेच मीरिमने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सोडवला होता. घरात सगळेच वहिनी म्हणतात, तर आपणही वहिनी म्हणावं.

बोओमच्या घळीत शिरल्यावर रस्ता अरुंद झाला. एका बाजूला तपकिरी कडा, दुसऱ्या बाजूला खाली गढूळ नदी, आणि पुढे कोळशाचा ट्रक, मुंगीच्या पावलाने.

गाडी जपानहून आलेली, जुनी. स्टिअरिंग उजवीकडे, आणि इथे रस्ताही उजव्या अंगाने चालायचा. म्हणजे चालवणारा कड्याला चिकटून बसणार आणि समोरून काय येतंय ते दिसणार डावीकडे बसलेल्याला. तिलेकला ट्रकच्या मागचा काळा ताडपत्रीचा पडदा तेवढा दिसायचा. लग्न झाल्यापासून मीरिम त्याचा डावा डोळा होती.

"दिसतंय?" त्याने विचारलं.

"थांब. बस येतेय." बस सणसणत गेली. "आणि तिच्यामागे एक. आता... जा."

तो गेला. अशा वेळी त्याने तिच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. ती जा म्हणाली की तो जायचा.

घळ संपते तिथे वाटेला लागून कबरस्तान होतं, मातीच्या घुमट्यांचं. तिलेकने एक हात स्टिअरिंगवरून काढून चेहऱ्यावरून फिरवला. मागे साल्किनने फिरवला, उमायनेही, बिस्किटाचा चिकट तळवा गालांवरून. "ओमिन," ती म्हणाली.

मीरिमने पर्स घट्ट धरून ठेवली.

गेल्या शरदात म्हातारा, साल्किनचा सासरा, गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्यांना जवळ बोलावून आशीर्वाद दिला. मीरिम तेव्हा स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी बोर्सोकचे पिठाचे तुकडे तळत होती. हात पुसत आत आली तेव्हा सगळ्यांचे तळवे उघडे होते. तिनेही उघडले. म्हाताऱ्याचा आवाज घशातच विरत होता. सगळे ओमिन, तसंच होवो, म्हणाले, तिनेही म्हटलं. मोठं माणूस आशीर्वाद देत असतं तेव्हा शब्द कोण ऐकतं? उदंड आयुष्य, लेकरं, मेंढरं, नेहमीचंच. महिन्याभराने तिलेकने सांगितलं, भांडी विसळता विसळता, नळ गळतोय असं सांगावं तसं. म्हाताऱ्याने उमायला आपल्या बायकोच्या ओटीत घातलं होतं. माझ्यामागे उल्कानला काठी असू दे, पोर तिच्यापाशी वाढू दे.

"मी ऐकलं नव्हतं," मीरिम म्हणाली होती.

"ओमिन तर म्हणालीस."

त्यावर दोघांत पुन्हा शब्द झाला नाही. तिकडून उल्कानबाईंनीही काही म्हटलं नाही. फक्त फेब्रुवारीत फोनवर सांगितलं की सणाला येताना पोरीचे थंडीचे कपडे सगळे घेऊन या. आणि आठवड्यापूर्वी साल्किनला शहरात पाठवून दिलं. मदतीला. साल्किन आली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली आणि उमायच्या कोटाच्या बाह्या उसवून लांब केल्या. मग पिशवीतून दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे नवे बूट काढले. मीरिमने ते उमायच्या पायांत घालून पाहिले. पुढे चार बोटं जागा उरत होती.

"मोठे होतात, वहिनी."

"पुढच्या हिवाळ्याला बसतील," साल्किन दोरा दाताने तोडत म्हणाली होती.

ते बूट आता डिकीत होते.

कोच्कोरला ते खायला थांबले. बाजाराच्या कोपऱ्यावर भट्टीतून नुकते काढलेले समसे होते, पत्र्याच्या टेबलाभोवती चिखल होता. साल्किन समसा विकणाऱ्या बाईशी हुज्जत घालायला गेली. "यात मांस घातलंय की नुसती मांसाची गोष्ट सांगितलीय? कांदाच कांदा." ती बाईही कमी नव्हती. "रडायला सोपं जातं, ताई, सणाच्या दिवशी." दोघी खूश दिसत होत्या.

मीरिमने संधी साधली.

"सोमवारी परत निघायचं ना?"

"बघू," तिलेक म्हणाला.

"सोमवारी तुझं काम आहे."

"हो. म्हणून तर. बघू." तो उमायचा समसा फोडून फुंकत होता. वाफ त्याच्या चष्म्यावर बसली आणि त्याने ती पुसली नाही. "गरम आहे गं. कडेकडेने खा."

"तिघंही?"

तो फुंकत राहिला. मग समशाकडेच बघत हळू आवाजात म्हणाला, "आईने स्वतः उपाशी राहून मला खाऊ घातलंय, मीरिम. शाळेला बर्फातून पाठीवर नेलंय. मला काय कमी पडलं, सांग?"

हा माणूस झोपेत कुशीवर वळताना अजूनही उशी दोन्ही हातांनी धरतो, कुणी काढून नेईल अशी. पण ही गोष्ट टेबलावर मांडण्यासारखी नव्हती. आणि उल्कानबाई वाईट आहेत असंही नव्हतं. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

"आई, कांदा," उमाय म्हणाली, आणि मीरिमने तिच्या समशातला कांदा वेचून स्वतःच्या तोंडात टाकला.

कोच्कोर सोडल्यावर आभाळ खाली आलं. दोन्हीकडचे डोंगर निम्मे उरले, मग पायथ्यापुरते. वाटेत एक घोडा रस्त्याच्या मधोमध उभा होता. तिलेकने हॉर्न वाजवला तरी हलला नाही, गाडीच वळसा घालून गेली. पुढे पुन्हा ट्रक आला, चीनकडे रिकामा निघालेला, चढावर धापा टाकत.

"दिसतंय?"

रस्ता मोकळा होता. वळणापर्यंत ओला, काळा, रिकामा.

"थांब," मीरिम म्हणाली. "येतंय काहीतरी."

तो थांबला. ट्रकच्या धुरात गाडी रांगत राहिली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. रस्ता तसाच मोकळा.

"अजून आहेत. मोठे आहेत."

"सणाच्या दिवशी इतके ट्रक," तिलेक स्वतःशीच म्हणाला.

मीरिमने नजर पुढेच ठेवली. साल्किन तिच्या बरोबर मागे बसली होती, डाव्या खिडकीशी. जे मीरिमला दिसत होतं ते तिलाही दिसत होतं. एरवी ही बाई रस्त्यावरच्या खड्ड्यालासुद्धा नाव ठेवून पुढे जायची. मीरिम वाट बघत राहिली, आता बोलेल, आता बोलेल.

"त्या बाईने कांदाच घातला होता," साल्किन म्हणाली. एवढंच.

दोलोनच्या घाटात गाड्यांची रांगच लागलेली होती. वर कुठेतरी एक ट्रक आडवा झाला होता. बर्फ फार नव्हतं, पण वारा ते जमिनीवरून सरपटवत नेत होता, पांढऱ्या सापांसारखं. तिलेक कॉलर वर करून पुढे बघायला गेला. दहा पावलांत धुक्याने त्याला गिळलं. उमाय झोपली होती. साल्किनने तिच्या पट्ट्या सोडून तिला मांडीवर आडवं घेतलं होतं, आणि आता गुडघ्यांची तक्रार नव्हती.

इंजिन बंद होतं. वाऱ्याने गाडी हळूहळू डोलत होती.

"वहिनी," मीरिम मागे न वळता म्हणाली. आरशात तिला साल्किनची फक्त कपाळापर्यंत ओढलेली ओढणी दिसत होती. "तेव्हा तुम्हाला... म्हणजे, कसं झालं ते?"

"कधी?"

मीरिमने काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"थर्मासमधला चहा दे," साल्किन म्हणाली.

मीरिमने ओतून दिला. साल्किनने दोन घोट घेतले, पेला उमायच्या डोक्यापासून लांब धरून.

"दूध लवकर आटत नाही," ती म्हणाली. "अंगण एकच. मधे एक भिंत. तो रडला की इकडे माझा सदरा ओला. सासूबाई म्हणायच्या, उगीच आत येत जाऊ नकोस, दोघांना सवय लागेल. बरोबरच होतं त्यांचं. मी गोठ्यात जाऊन बसायची. गाईंना काय, कुणी का रडेना."

वारा काचेच्या फटीतून शीळ घालत होता.

"मग आटलं. सगळ्यांचं आटतं. मला मागून दोन मुली झाल्या, तुलाही होतील. तुझी तर मोठी आहे, अंगावरची नाही. तीन दिवस रडेल."

"आणि मी?"

साल्किनने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीच नव्हतं.

"चहा गार आहे तुझा," ती म्हणाली. "सूनबाई, थर्मास चांगला घ्यावा. यात पैसा वाचवू नये."

दार उघडून तिलेक आत आला, भुवयांवर बर्फ घेऊन. ट्रक बाजूला ओढला होता, रस्ता सुटत होता. त्याने विचारलं, काय म्हणताय दोघी. साल्किन म्हणाली, तुझ्या बायकोच्या चहाला नावं ठेवतेय. उतार लागला तेव्हा उमाय जागी झाली आणि विचारू लागली, मोठ्या आईकडे कोकरू आहे ना, खरंच आहे ना. आहे, तिलेक म्हणाला. माझं एकटीचं? तुझं एकटीचं. त्यानंतर नारिन येईपर्यंत आणि नारिन मागे पडल्यावरही गाडीत फक्त उमाय बोलत होती.

उन्हं डोंगराला टेकली होती तेव्हा ते पोचले. उल्कानबाई फाटकाशीच उभ्या होत्या, पांढरा रुमाल, हातात धुमसत्या आर्चाच्या फांद्यांचा तवा. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावरून धूर ओवाळला, पीडा जावो, वाईट जावो. उमायवरून तीनदा. मग तवा खाली ठेवून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्या हातांना कंप होता, शरदात नव्हता.

"आली माझी लेक," त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीस गं. म्हातारीला रात्री भिंतीशी बोलावं लागतं, माहीत आहे?"

"भिंत काय म्हणते?" उमायने विचारलं.

"म्हणते, पोरगी कधी येणार."

उमायला ते फार आवडलं. घरात चुलीजवळ खरंच कोकरू होतं, ओल्या नाकाचं, खोक्यात. उल्कानबाईंच्या बिछान्याला लागून एक छोटी खाट होती, तिच्यावर नवी गोधडी, लाल-निळ्या ठिगळांची. तिलेक त्या खाटेकडे बघत उभा राहिला. त्याने गोधडीचा कोपरा दोन बोटांनी चाचपला आणि सोडला. मीरिम डिकीतून एकच बॅग घेऊन आली. बाकीच्या दोन तिलेकने आणल्या.

दस्तरखानाभोवती शेजारच्या तीन म्हाताऱ्या बायका आणि मशिदीतले एक आजोबा आधीपासून बसले होते. सणाला आलेत, उल्कानबाई म्हणाल्या. थोरला मुलगा, साल्किनचा नवरा झेनिश, तेवढा नव्हता. मेंढ्या विताहेत, कुरणावरून हलता येत नाही, असा निरोप होता. मीरिमने म्हाताऱ्यांकडे बघितलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. सणाला आलेल्या बायका सुनेच्या कपड्यांकडे तरी बघतात.

मेंढी कापली होती. मांस परातीतून आलं, वाफाळतं. या घरात कुणाच्या पुढ्यात कुठलं हाड जायचं हे वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे ठरलेलं. आजोबांना डोकं, म्हाताऱ्यांना कंबर, तिलेकला मांडी. साल्किन दाराजवळ, सगळ्यांच्या खाली, समोवारपाशी बसून चहा ओतत होती. मीरिमला तिने आपल्या शेजारी जागा केली. उमाय वर, उल्कानबाईंच्या गुडघ्याशी, कोकराच्या गप्पा सांगत.

सगळ्यांचं वाढून झालं तरी परातीत एक हाड उरलं. नडगीचं, खाली घोट्याचं हाड जसंच्या तसं ठेवलेलं. ते कुणाच्याच मानाचं नसतं. दत्तक पोराच्या हातात, चार माणसांसमोर, तेवढं देतात. मग लिहिण्या-बिहिण्याची गरज उरत नाही. म्हाताऱ्यांनी खाणं थांबवलं. आजोबांनी मिशा पुसल्या.

मीरिमला कळलं की आत्ता, याच क्षणी काहीतरी म्हणायला हवं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तिलेक मान खाली घालून पुढ्यातल्या मांडीला सुरी लावत होता, पण कापत नव्हता.

"भूक लागली ना माझ्या लेकीला?" उल्कानबाईंनी हाड उचललं. हात कापत होता म्हणून दुसऱ्या हाताचा आधार दिला. "घे. दोन्ही हातांनी धर."

उमायने हात पुढे केले. तिला खरंच भूक लागली होती.

समोवारची तोटी बंद झाल्याचा आवाज आला. साल्किनच्या हातातला वाडगा अर्धाच भरला होता. तो तिने खाली ठेवला आणि ती उठून उभी राहिली. मीरिमला वाटलं, सरपण आणायला उठली.

"सासूबाई," ती म्हणाली. "ते तिला देऊ नका."

एक म्हातारी खोकली. उल्कानबाईंनी वर बघितलं, रागाने नव्हे, नीट ऐकू न आल्यासारखं.

"बस गं खाली. पाहुण्यांचा चहा गार होतोय."

"होऊ दे."

"साल्किन. तुझ्या मामंजींचा शब्द आहे तो."

"त्यांचा शब्द खरा. मी त्यांना उभ्या जन्मात उलट बोलले नाही. तुम्हालाही नाही." तिचे हात कडेला लोंबत होते, रिकामे, कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नसावं. "पण पोरीच्या आजीला कुणी विचारलं नव्हतं."

"आजी?" उल्कानबाई म्हणाल्या. "कुठली आजी?"

तिलेकची सुरी परातीच्या काठाला लागून वाजली. त्याने मान वर केली. साल्किनने मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. ती सासूकडेच बघत होती, आवाज चहा हवाय का विचारताना असतो तेवढाच.

"तिलेक माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "त्याची मुलगी मी देत नाही."